कवटी आणि कमानी

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब शिकागो शहरात स्थायिक झालेले आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या आग्रहाखातर आम्ही तेथे गेलो असता, शिकागो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने आम्हांस विद्यापीठाचा परिसर हिंडून दाखविला. एलिस अ‍ॅव्हेन्यू नामक रस्त्याच्या कडेला, ग्रंथालयानजीकच्या मोकळ्या जागेत, काळपट कांस्याचे एक शिल्प उभे होते. उंची सुमारे १२ फूट. त्यास ना चेहरा, ना हातपाय. वर गुळगुळीत, गोलाकार माथा. खाली जाड आधार आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या. संतांचे पुतळे पाहत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसास अशी अमूर्त शिल्पे कोड्यात टाकतात. "हे आहे तरी काय?" आम्ही विचारले.

"फादर, आधी एक प्रदक्षिणा घाला, मग सांगतो," तो म्हणाला.

आम्ही प्रदक्षिणा घातली. एका बाजूने तो माथा अळंबीच्या आकाराच्या ढगासारखा दिसला. चार पावले पुढे गेल्यावर त्याच माथ्यात डोळ्यांच्या खोबणी दिसू लागल्या आणि ती मानवी कवटी झाली. वाकून खालच्या पोकळ्यांत पाहिले, तर एखाद्या जुन्या महामंदिरातील कमानींखाली उभे असल्याचा भास झाला.

शिल्पाचे नाव 'न्यूक्लिअर एनर्जी', म्हणजे अणुऊर्जा. शिल्पकार इंग्लंडचे हेन्री मूर. हे खाणकामगाराचे पुत्र. ऐन महायुद्धात, १९४४ साली, नॉर्थहॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये त्यांनी घडविलेली पाषाणातील माता व बाळ यांची मूर्ती स्थापन झाली होती. शिकागोच्या शिल्पाचा वरचा भाग अणूच्या संहारक शक्तीचा, तर खालचा भाग मानवास आसरा देणाऱ्या वास्तूचा सूचक आहे, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेविले आहे.

ज्या जागी हे शिल्प उभे आहे, तेथे पूर्वी विद्यापीठाचे क्रीडांगण होते. त्याच्या प्रेक्षागाराखालील, स्क्वॉश खेळण्याच्या जागेत, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा व युरेनियम यांची प्रचंड रास रचली. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी तीत मानवाने घडवून आणलेली पहिली स्वयंपोषी अणुशृंखला सुरू झाली. ती २८ मिनिटे चालली. निर्माण झालेली शक्ती जेमतेम अर्धा वॅट. तेवढ्यात विजेरीचा दिवाही धड पेटू नये! त्यानंतर युजीन विग्नर यांनी इटालियन द्राक्षमद्याची बाटली काढली. कागदी पेल्यांतून सर्वांनी घोट घोट घेतला. फारसे कोणी बोलले नाही. त्या घटनेस २५ वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी, २ डिसेंबर १९६७ रोजी, या शिल्पाचे अनावरण झाले.

वाचकहो, ही माणसे दुष्ट नव्हती. फर्मी यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या. वंशभेदाच्या कायद्यांमुळे १९३८ साली ते कुटुंबासह मायदेश सोडून निघाले होते. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडले तर काय, ही भीती अनेकांच्या मनात होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण त्या अर्ध्या वॅटच्या प्रयोगातून मोठ्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून प्लुटोनियम तयार झाले. १९४५ च्या मे महिन्यात जर्मनी शरण गेली. जूनमध्ये जेम्स फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली शिकागोच्याच काही शास्त्रज्ञांनी पूर्वसूचनेविना जपानवर हे अस्त्र वापरू नये, अशी विनंती शासनास केली. ती मानली गेली नाही.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी प्लुटोनियमचा बॉम्ब नागासाकीच्या उराकामी भागावर फुटला. तेथील कॅथोलिकांच्या पूर्वजांनी छळाच्या काळात, धर्मगुरूंवाचून, सुमारे अडीचशे वर्षे श्रद्धा गुप्तपणे जपली होती. त्या धर्मग्रामातील सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्यू पावले. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून महामंदिरात धर्मगुरू त्या वेळी भाविकांची पापनिवेदने ऐकत होते. महामंदिर कोसळले, आतील कोणीही वाचले नाही. दर शनिवारी आम्हीही त्याच आसनावर बसतो. मग त्या कमानींखाली उभे असताना आम्हांस आणखी काय आठवणार?

त्या मुलाने तेव्हा हलकेच विचारले, "फादर, मला याच विषयात पुढे संशोधन करायचे आहे. करू की नको?"

नागासाकीचे नाव घेऊन त्यास "नको" म्हणणे सोपे होते. पण आम्हांस आमची आई आठवली. आम्ही सेमिनरीत शिकत असताना तिला कर्करोग झाला आणि मुंबईच्या इस्पितळात कोबाल्टचे शेक देण्यात आले. ते कोबाल्ट अणुभट्टीत तयार होते. त्यानंतर ती नऊ वर्षे जगली. आमच्या दीक्षाविधीच्या दिवशी पहिल्या बाकावर बसली होती. फर्मींच्या त्या राशीचे आम्ही ऋणी आहोत.

आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी आम्ही कोणास सांगितली नव्हती. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. आम्ही नुकतेच सहायक धर्मगुरू झालो होतो. सायंकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणीतरी पेढे वाटले. आम्ही अभिमानाने एक खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. उराकामीचा इतिहास आम्ही सेमिनरीत वाचलेला होता. पण त्या क्षणी तो मनात आला नाही. शिकागोची माणसे निदान गप्प होती. आम्ही तर हसत होतो.

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले, पेढ्यासकट. "जरूर शीक," आम्ही म्हणालो. "पण आपल्या हातातले काम कोठवर जाणार, हे विचारणे सोडू नकोस. आणि आनंदाने पेढा हाती घेशील, तेव्हा तर मुळीच सोडू नकोस."

तो काही बोलला नाही. आम्ही दोघांनी शिल्पास पुन्हा एक फेरी घातली. कवटी आणि कमानी एकाच कांस्यात घडविलेल्या आहेत. एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, ते आम्हांस शोधूनही सापडले नाही.

तेव्हापासून दरवर्षी ९ ऑगस्टच्या मिस्साबलिदानात आम्ही उराकामीच्या मृतांसाठी प्रार्थना करतो. त्याच प्रार्थनेत आमच्या आईचेही नाव घेतो.