अफरवतचा उतार आणि नव्या स्कीचा हिशेब

श्रीनगरहून निघालेला रस्ता भातशेती आणि पॉप्लरच्या रांगांमधून तंगमर्गपर्यंत येतो. तेथून पुढचे सुमारे १३ किलोमीटर तो सूचिपर्णी वृक्षांच्या दाट वनातून वळणे घेत गुलमर्गच्या कुरणावर चढतो. हिवाळ्यात याच टप्प्यावर वाहनांच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो आणि उन्हाळ्यात फुलांनी भरलेले हे कुरण पांढऱ्या चादरीखाली जाते. आकाश निवळले, तर उत्तरेला दूरवर ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वत दिसतो. पाठीशी पीर पंजाल रांगेतील अफरवतचा डोंगर उभा असतो. गुलमर्गच्या हिवाळ्यातील व्यवहार या एका डोंगराभोवती फिरतो.

येथील स्कीइंगला जवळजवळ शतकाची परंपरा आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेची उंच पर्वतावरील युद्धाचे शिक्षण देणारी संस्था याच ठिकाणी उभी राहिली. पर्यटकांच्या दृष्टीने मोठा बदल मात्र गंडोलाने घडवला. फ्रेंच कंपनीच्या तंत्राने उभारलेल्या या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो सुमारे २,६५० मीटरवरील गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचवतो. एवढ्या उंचीवर बसल्या जागी नेणारी सोय जगातही मोजक्याच ठिकाणी आहे.

बहुतेक कुटुंबे दुसऱ्या टप्प्यावर छायाचित्रे काढून त्याच गंडोलाने खाली येतात. मुले कुरणातील सौम्य उतारावर दोन दिवस स्कीइंगचे धडे घेतात आणि आजी-आजोबा कांगडी जवळ घेऊन ते पाहत बसतात. परंतु जगभरातून गुलमर्गला येणारे अनुभवी स्कीपटू वेगळ्या ओढीने येतात. युरोपातील बहुतेक स्की केंद्रांवर यंत्राने दाबून सारखे केलेले, खुणांनी आखलेले मार्ग असतात. अफरवतच्या वरच्या उतारावर तसे काही नाही. तेथे ढगातून पडलेला बर्फ जसाच्या तसा असतो, कुठे गुडघाभर, कुठे वाऱ्याने कठीण केलेला, तर कुठे खाली खडक लपवणारा. आखलेल्या मार्गाबाहेरच्या अशा स्कीइंगला ‘ऑफ-पिस्ट’ म्हणतात. वरून निघून भूर्ज आणि फर वृक्षांच्या वनातून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे किंवा थेट तंगमर्गकडे उतरण्याचे मार्ग याच प्रकारचे आहेत.

आता समजा, व्यवसायानिमित्त काही वर्षे युरोपात राहून आलेल्या एका गृहस्थाकडे तेथे घेतलेली स्कीची जोडी आहे. दरवर्षी आठवडाभर वापरलेली ती जोडी आता झिजली आहे आणि यंदाची सुट्टी गुलमर्गच्या मोकळ्या उतारावर घालवायची आहे. जुनी जोडी बदलायची, हे ठरले. प्रश्न असा की तिच्या जागी कोणती घ्यावी?

पहिले काम जुन्या जोडीचा घसारा तपासण्याचे. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या की मध्ये एक फट दिसते. ही स्कीची कमान होय. फट जवळजवळ नाहीशी झाली असेल, तर स्कीचा जोम संपला असे समजावे. कडेची पोलादी धार वारंवार घासून पातळ झाली आहे का, तळावरील ओरखडे आतील गाभ्यापर्यंत गेले आहेत का, थर सुटू लागले आहेत का, हे नंतर पाहावे. यातील दोष गंभीर नसले, तर ती जोडी दाबलेल्या मार्गासाठी अजूनही उपयोगी ठरू शकते. नव्या प्रकारच्या बर्फासाठी नवी जोडी हवी असणे आणि जुनी जोडी निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या जोडीत सर्वांत आधी पाहायची ती कंबरेची रुंदी, म्हणजे बुटाखालील सर्वांत अरुंद भागाचे माप. दाबलेल्या मार्गावरची स्की साधारण ६५ ते ८० मिलिमीटर रुंद असते. ती कठीण बर्फात धार रोवून सुरेख वळते, पण मऊ बर्फात बुडते. ताज्या बर्फासाठीची स्की १०० मिलिमीटरच्या पुढे जाते. जुनी स्की ७२ मिलिमीटरची आणि नवी १०६ मिलिमीटरची असेल, तर पायाखालची रुंदी सुमारे ४७ टक्क्यांनी वाढते. वाळूत अरुंद चाकाची सायकल रुतते आणि उंटाचा पसरट पाय तरतो, तोच हा नियम आहे. याच विचाराचे टोक अमेरिकेत वाढलेल्या शेन मॅक्कॉंकी या स्कीपटूने गाठले. पाण्यावरच्या स्कीपासून प्रेरणा घेऊन त्याने सुचवलेली ‘स्पॅट्युला’ ही विलक्षण आकाराची स्की २००२ च्या सुमारास बाजारात आली. तिची दोन्ही टोके वर उचललेली होती. आज पुढचे टोक लांबून हळूहळू वर उचललेले असणे, ज्याला ‘रॉकर’ म्हणतात, हा ऑफ-पिस्ट स्कीचा सर्वमान्य गुण झाला आहे. त्यामुळे टोक बर्फाखाली न शिरता वर तरंगते.

मात्र रुंदीलाही किंमत मोजावी लागते. फार रुंद स्की कठीण उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उशिरा येते आणि गुडघ्यावर अधिक ताण देते. गुलमर्गला रोज ताजा बर्फ पडतोच असे नाही. एखाद्या आठवड्यात दोन दिवस मऊ बर्फ मिळाला, तरी उरलेले दिवस तुडवलेल्या किंवा गोठलेल्या बर्फावर काढावे लागतात. म्हणून जी स्की उत्तम दिवशी अद्भुत वाटेल तिच्यापेक्षा जी साधारण दिवशी त्रास देणार नाही, ती घ्यावी. मध्यम अनुभवाच्या माणसाला ९५ ते १०५ मिलिमीटरची, मध्यभागी कमान आणि पुढे रॉकर असलेली स्की बहुधा पुरते. लांबी कपाळापासून डोक्याच्या उंचीपर्यंत असावी. वजनाने हलकी स्की दुकानात मोहक वाटते, परंतु चढण स्वतःच्या पायांनी चढणाऱ्यालाच तिचा खरा लाभ. गंडोलाने वर जाणाऱ्याला थोडी वजनदार, स्थिर स्की अधिक मानवते.

यानंतर येतो तो भाग, ज्याकडे खरेदीच्या उत्साहात दुर्लक्ष होते. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या यंत्रणेला बाइंडिंग म्हणतात. चालताना बूट घट्ट धरणे आणि पडताना योग्य क्षणी सोडून देणे, ही तिची दोन परस्परविरोधी कामे. जुने बाइंडिंग काढून नव्या स्कीवर बसवण्याचा काटकसरीचा विचार मनात येतो, पण त्यात तीन अडचणी असतात. उत्पादक काही वर्षांनी जुन्या प्रकारांची हमी काढून घेतात आणि मग जबाबदार दुकानदार त्यांना हात लावत नाही. स्की थांबवणारे ब्रेक नव्या रुंदीत बसत नाहीत. शिवाय बुटांच्या तळव्यांचे आता अनेक प्रकार झाले आहेत आणि प्रत्येक तळवा प्रत्येक बाइंडिंगमध्ये नीट सुटेलच असे नाही. म्हणून दुकानात जाताना बूट बरोबर न्यावा आणि बूट, बाइंडिंग व स्की यांचा मेळ जाणकाराकडून तपासून घ्यावा.

बूट कोणत्या जोरावर सुटावा, याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून ठरतो. यातील पहिल्या चार गोष्टी मोजता येतात. पाचवी स्वतः सांगावी लागते आणि येथेच माणसे आपली पत फुगवून सांगतात. सावध शिकाऊ माणसाने स्वतःला वेगवान म्हटले, तर आकडा वाढतो. मग पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघ्याच्या स्नायुबंधाला इजा होण्याचा धोका वाढतो. कर्जाच्या अर्जात उत्पन्न वाढवून लिहिले की हप्ता शेवटी अर्जदारालाच जड जातो. येथे हप्ता शरीराला भरावा लागतो.

विकत घ्यावी की भाड्याने, हा व्यापारी घरात सहज उठणारा प्रश्न. त्याचे गणित साधे आहे. समजा, नव्या जोडीची किंमत २४ दिवसांच्या भाड्याइतकी आहे आणि वर्षात ६ दिवसच स्कीइंग होते. देखभाल आणि विमानातील अतिरिक्त सामानाचा खर्च सोडला, तरी मुद्दल वसूल व्हायला चार वर्षे लागतील. त्यात हवामानाची अनिश्चितता आहे. २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नसल्यामुळे गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर न्याव्या लागल्या. बर्फ पातळ असेल, त्या वर्षी नव्या स्कीच्या तळाला खडकांचे ओरखडे निश्चित. गुलमर्गमध्ये रुंद स्की भाड्याने मिळतात, पण हव्या त्या मापाची जोडी ऐन हंगामात मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. वर्षाला दहा-बारा दिवसांहून कमी वापर असलेल्याने बूट स्वतःचे घ्यावेत आणि स्की भाड्याने, हा व्यवहार्य मार्ग आहे. पायाच्या घडणीला जुळलेला बूट भाड्याने क्वचितच मिळतो. चामडे टाळणाऱ्या कुटुंबांना येथे अडचण नाही, कारण बुटाचे कवच प्लास्टिकचे असते आणि कृत्रिम कापडाचे उबदार हातमोजेही मिळतात.

या सर्व हिशेबात एक खर्च मात्र काटकसरीच्या बाहेर ठेवावा. अफरवतचे उतार हिमस्खलनाचे आहेत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एका रशियन स्कीपटूचा अंत झाला. परदेशातून खास स्कीइंगसाठी आलेल्यांवरही हा प्रसंग ओढवला, हे विसरू नये. ३० ते ४५ अंशांचे उतार स्कीसाठी सर्वांत आनंदाचे आणि हिमस्खलनासाठीही सर्वांत अनुकूल असतात. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरची मदत येण्याआधी सोबत्यांनीच त्याला काढावे लागते. त्यासाठी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे शोधयंत्र, घडीची लांब सळई आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे आणि ते वापरण्याचा सराव हवा. स्थानिक वाटाड्या आणि त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना यांना पर्याय नाही.

रुंद, तरंगणारी स्की या बाबतीत एक फसवा मित्र ठरू शकते. अरुंद स्कीवर जो उतार माणसाला आपोआप अवघड वाटून परत फिरवत असे, तोच नव्या स्कीवर सोपा वाटू लागतो. स्कीने आवाका वाढतो, पण संरक्षण वाढत नाही. म्हणून ठरलेल्या रकमेतून शोधयंत्र, वाटाड्या आणि एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण यांची तरतूद आधी करावी, मग बूट आणि बाइंडिंग आणि उरलेल्या रकमेत स्की बसवावी. क्रम उलटा झाला, तर स्की उत्तम येते आणि बाकीचे पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

अफरवतवर वारा वाढला किंवा रात्रभर जोराचा बर्फ पडला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. त्या दिवशी कोंगडोरीच्या चहाच्या टपऱ्यांबाहेर चकचकीत नव्या स्की बर्फात रोवून उभ्या असतात आणि त्यांचे मालक पुन्हा पुन्हा डोंगराकडे पाहतात. अनुभवी वाटाडे मात्र कहव्याचा पेला हातात घेऊन निवांत बसलेले असतात. सहलीचा असा एखादा दिवस न घसरता गेला, तर तो तोटा समजू नये. तो खर्च आरंभापासूनच अंदाजपत्रकात धरावा.