दाराचा हिरवा

शाबान लागला की अम्मीचं एकच टुमणं सुरू होतं, रमजानच्या आत घर आवरून घ्या. कुणी दिवाळीला घर रंगवतं, आम्ही ईदला. यंदा भिंतींना हात लावायचा नव्हता, फक्त दारं, खिडक्या आणि चौकटी. पेंटरने सांगितलेली मजुरी ऐकून मी म्हटलं, आपणच करू. बीएड केलंय, खडू धरणाऱ्या हाताला ब्रश काय जड आहे!

जड होता. रंग मारणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. त्याआधी पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपरने घासायचं, भोकांत आणि भेगांत लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, मग प्रायमर. आणि दोन हातांच्या मध्ये एक रात्र तरी जाऊ द्यायची. घाई केली की वरचा थर सुरकुततो. उपाशीपोटी टर्पेंटाईनचा वास सहन होत नाही, म्हणून सगळं रोजे सुरू होण्याआधीच उरकायचं होतं.

घासताना धुरळा उडायला लागला तशी मी भाच्याला बाहेर पिटाळलं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत नव्वदच्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या चौकटींवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. मग तोंडाला ओढणी बांधली, पाण्याचा पेपर आणला आणि ओलं करून घासलं. धूळ उडत नाही, चिखल होतो. तो पुसून टाकायचा. हात मात्र दोन दिवस हिरवे राहिले.

हिरवे, कारण आमची दारं हिरवी. आणि खरी अडचण तिथेच होती.

मागच्या वर्षी शाळेतली एक सहकारी घरी आली होती. चांगली बाई आहे, माझ्या डब्यातलं खाते, मी तिच्या. दारात चप्पल काढताना सहज म्हणाली, "पत्ता विचारावाच लागला नाही, लांबूनच ओळखलं." मीही हसले. पण ते वाक्य काही गेलं नाही. रात्री वातावरण तापल्याचे मेसेज फिरायला लागले की मला ते आठवायचं. लांबूनच ओळखलं. म्हणून या वेळी मी कुणाला न विचारता चॉकलेटी रंगाचा डबा आणून ठेवला होता. चॉकलेटी कुणाचाच नसतो.

अम्मीने डबा पाहिला. "हरा नक्को?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चॉकलेटी मळत नाही. ती काही बोलली नाही, तसबीह घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुढचं दार बिजागऱ्यांतून काढून आडवं केलं. दाराची खालची कड कुणी रंगवत नाही, ती दिसतच नाही. पण पावसाळ्यात ओल तिथूनच वर चढते आणि दार फुगून चौकटीत अडकतं. आमचं दार कधी अडकलेलं मला आठवत नाही. का, ते तेव्हा दिसलं. खालच्या कडेलाही हिरवा रंग होता, एकसारखा, व्यवस्थित. अब्बांनी लावलेला. हयात असेपर्यंत दारं तेच रंगवायचे.

मी अम्मीला हाक मारून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "पैले नीला था." तेव्हा दुकानदाराकडे कुणीतरी मागवून न नेलेला हिरव्या रंगाचा डबा पडून होता, तो कमी पैशांत मिळाला म्हणून अब्बांनी आणला. बस्स. पुढे सवय झाली. मी खरवडून पाहिलं, हिरव्याखाली खरंच निळा निघाला.

म्हणजे ज्या रंगाला मी घाबरत होते, तो आमच्याकडे स्वस्तात आला होता.

संध्याकाळी दुकानात गेले. मी तोंड उघडायच्या आधीच तिथल्या पोराने हिरव्या छटांचं कार्ड पुढे सरकवलं. मला हिरवाच हवा होता आणि तरी असा राग आला की मुद्दाम पिवळा मागावा! ("रोगन" म्हणजे मूळ फारसीत तेल, मराठीत आल्यावर ते रोगण झालं, हे वर्गात सांगताना मुलं माना डोलावतात. या पोराला काय सांगणार होते?) निमूटपणे एक लिटर घेतला. चॉकलेटी डबा फोडलेला होता, परत घेणार नव्हते.

त्यामुळे आता बाहेरची दारं हिरवी आहेत आणि आतल्या चौकटी चॉकलेटी. भाचा म्हणतो, आईस्क्रीमसारखं दिसतंय. अम्मीने दाराची खालची कड रंगवली का, हे दोनदा विचारून घेतलं. रंगवली. स्वयंपाकघराची मागची खिडकी तेवढी राहिली, चाँदरात जवळ आली म्हणून प्रायमरवरच सोडली आहे. ती आता ईदनंतर. तिचा रंग अजून ठरलेला नाही.