कापडाची मागची बाजू

'ध्वज' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेत नव्हे, गड्ड्याच्या जत्रेत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी त्या उंच काठ्यांचा तोल सांभाळत चालतात आणि दुतर्फा उभं असलेलं सोलापूर श्वास रोखून वर बघत राहतं. ध्वज पडू द्यायचा नसतो, एवढंच तेव्हा कळलं.

तिरंगा हाती आला नववीत. २५ जानेवारीच्या संध्याकाळी त्याची घडी घालून, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवून, दोरीला बांधायचं काम माझ्याकडे होतं. सरकगाठ एका हिसक्यात सुटली पाहिजे, सारं लक्ष त्यातच. सकाळी दोरी ओढली, गाठ सुटली, पाकळ्या पडल्या, आणि वर हिरवा पट्टा आला. मैदान गप्प झालं. माझी नजर आधी चक्रावर गेली. ते तर बरोबर दिसत होतं! चोवीस आऱ्यांचं चक्र उलटं टांगलं तरी तसंच दिसतं. चूक रंगांनी सांगितली.

घरी येऊन रडले. माझे वडील, नाना, रागावले नाहीत. साखर पेठेत त्यांचे चादरीचे माग होते. त्यांनी खाटेवरची चादर ओढली आणि कोपरा उलटवून दाखवला. पुढून लाल जमिनीवर पांढरा मोर, मागून पांढऱ्या जमिनीवर लाल. "पोरी, कापडाला दोन बाजू असतात. बांधताना दोन्ही बघायच्या," एवढंच म्हणाले. दुकानात गेले तरी त्यांचा अंगठा आधी कोपरा उलटवायचा, भाव नंतर.

संविधान सभेतली झेंड्यावरची चर्चा पुढे कधीतरी वाचली आणि नानांचा तो अंगठा आठवला. २२ जुलै १९४७ रोजी ठराव मांडताना नेहरूंनी चरख्याच्या जागी चक्र का, याचं एक कारण असं दिलं होतं: चरख्याचं चाक एका अंगाला, चाती दुसऱ्या अंगाला, झेंडा पलीकडून पाहिला की सगळं उलटं होतं. चक्राचं तसं होत नाही. ते धम्माचं, अशोकाच्या सारनाथ स्तंभावरचं, हे तर आहेच. पण विणकराच्या लेकीला हे कापडाचं कारण फार जवळचं वाटलं. तरी चरखा गेल्याची हुरहूर मला आहे. सुतावर जगणाऱ्या गावाला झेंड्यावर सूत कातण्याचं साधन दिसणं ही लहान गोष्ट नव्हती.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर अण्णासाहेब भोपटकरांनी झेंडा चढवला, तो चरख्याचाच. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ आला आणि ज्या झेंड्यासाठी माणसं रस्त्यावर आली होती, तो हातात धरणंही महाग पडू लागलं. याच लढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. केशरी पट्ट्याचा झेंडा काँग्रेसनं स्वीकारला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणजे त्यांचे पुतळे असलेल्या चौकात, चार पुतळ्यापाशी, आज आपण जो तिरंगा लावतो, तो त्या चौघांनी पाहिलाच नाही. लहानपणापासून त्या चौकातून जात होते. हे ध्यानात आलं त्या दिवशी मात्र पाय पुढे निघेना. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता झेंडा असेल, हे त्यानंतर मला कधी विसरता आलेलं नाही.

डिसेंबर २०२१मध्ये ध्वजसंहिता बदलली. तोवर झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच लागे. आता पॉलिएस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालतं. त्यामुळे झेंडा घरोघर पोचला, याचा मला आनंद आहे. पण खादीचा झेंडा वाऱ्यात जडपणानं उलगडतो, ते मला अजून हवं असतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये घरासाठी झेंडा आणायला गेले. गठ्ठ्यातला वरचाच उचलला. केशरी वर आहे ना, ते पाहिलं. मग अंगठ्यानं कोपरा उलटवला. पलीकडच्या बाजूचं चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यापासून बोटभर सरकलेलं होतं, आऱ्या फिकट. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सातव्याला दोन्ही बाजूंची चक्रं एकमेकांवर बसली. तो घेतला.