चोर सोडून संन्याशाला

गेल्या मे महिन्यात आईबरोबर ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. ग्वाल्हेर म्हटले की किल्ला, तानसेनाची समाधी आणि ख्यालगायकी आठवते. इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांनी तिथूनच ही गायकी आपल्याकडे आणली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण वाचकहो, मी तिथून गाणे आणले नाही. मी आणली ती एका घरघरीची हकीकत, आणि तीही स्वतःची फजिती झाल्यामुळे.

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे पडली त्या भागाला लोक अजून लष्करच म्हणतात. आईचे काका, म्हणजे आमचे आबा, तिथल्याच एका जुन्या वाड्यात राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या मराठीत 'चाय' आणि 'सब्जी' सहज येऊन बसतात. तरुणपणी ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐकली आणि ते हवाईयन गिटारच्या नादी लागले, ते कायमचे. दर गणेशोत्सवात मंडळात त्यांची नाट्यपदे गिटारवर होतात. त्यासाठी एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी जिवापाड सांभाळला आहे. पूर्वी आपल्या बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. आता रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनकडे पाहावे लागते.

आम्ही पोचलो तेव्हा आबा आनंदात होते. आवाज मंदावला म्हणून त्यांनी ईएल-३४ या जातीच्या व्हॉल्व्हची नवी जोडी आणली होती. बाजारातल्या एका बोळात बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून. त्यांना सगळे चाचाच म्हणतात आणि आबांचे त्यांच्याकडे तीस वर्षांचे जाणेयेणे. आबांनी घरीच जोडी बसवली, बटण दाबले आणि स्पीकरमधून भुंग्यासारखी घरघर सुरू झाली. पाच मिनिटांत उजव्या व्हॉल्व्हच्या आतली पट्टी निखाऱ्यासारखी लाल झाली. आबांनी घाईघाईने बटण बंद केले.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. माझ्या अंगात लगेच शास्त्रज्ञ संचारला. आवाजाचा खटका शून्यावर नेला तरी घरघर कायम, म्हणजे दोष त्याच्या पुढच्या भागात. इथवर माझे बरोबर होते. आबांनी तर कानानेच निम्मे निदान केले. गिटारच्या वायरीच्या टोकाला बोट लावून जी घरघर येते तिच्यापेक्षा ही बरोबर एक सप्तक वर आहे, असे ते म्हणाले. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची एकदिश वीज करताना उरणारी लहर १०० आवर्तनांची, म्हणजे वरचा सा. दोन व्हॉल्व्ह सारखा प्रवाह घेत असतील तर ही लहर ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. प्रवाह कमीजास्त झाला की ती ऐकू येते.

चाचांनी पूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली एक ओहमचा रोधक घालून ठेवला होता. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. मीटर लावला. डावीकडे ३८, उजवीकडे ९० आणि आकडा चढतच होता. पट्टीवर ४०० व्होल्ट. ९० मिलिअँपिअर म्हणजे ३६ वॉट झाले आणि या व्हॉल्व्हची सोसण्याची मर्यादा २५ वॉटची. मी निकाल दिला, "आबा, उजवा व्हॉल्व्ह खराब आहे. तुम्हाला फसवलं."

आणि आम्ही भर दुपारी बोळात गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर आबा चाचांना टाकून बोलले. मी मागून आकडे पुरवत होते. चाचा उलटून बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "बेटी, इधर का उधर लगा के देखा?"

मी गप्प. हे मी केलेच नव्हते.

घरी येऊन दोन्ही व्हॉल्व्हची जागा बदलली. दोष व्हॉल्व्हचा असता तर लाली डावीकडे गेली असती. पण पट्टी लाल झाली ती पुन्हा उजवीकडचीच, आणि या वेळी तिथे सकाळचा शहाणा व्हॉल्व्ह होता. माझे तोंड उतरले. व्हॉल्व्ह काढून पाचव्या पिनेवर मीटर धरला. तिथे ऋण दाब हवा, तोच प्रवाहाला लगाम घालतो. डावीकडे उणे ३६ व्होल्ट, उजवीकडे उणे ३०. आधीच्या टप्प्यातून ध्वनी पुढे सोडून तिथला दोन-अडीचशे व्होल्टचा दाब अडवून धरणारा कपॅसिटर झिरपत होता. त्याचे एक टोक सोडवले आणि दाब उणे ३६ वर आला. चोर सापडला.

मग जुनी जोडी कशी चालत होती? ती थकली होती, म्हणून. लगाम सैल असला तरी म्हातारा घोडा उधळत नाही. नवे घोडे जुंपले आणि इतकी वर्षे दडलेला दोष उघडा पडला. नव्याने आलेल्याच्या माथी आम्ही तो मारून मोकळे झालो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

दुसऱ्या दिवशी आबा एकटे निघाले. मी म्हटले, मीही येते. बोळात काल होती तितकी माणसे नव्हती, याचे मला बरे वाटले आणि त्याची लाजही वाटली. आबांनी हात जोडले. मी वाकून नमस्कार केला. चाचांनी आबांना स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि डब्यातून ०.०२२ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे दोन कपॅसिटर काढून दिले. "एक बिघडला, तर दुसराही त्याच वयाचा." मग मला विचारले, आत हात घालण्यापूर्वी फिल्टरचे कपॅसिटर रोधकाने रिकामे केले होते का? बटण बंद केले तरी त्यांत जीव घेण्याइतकी वीज उरते. मी केले होते. ते हसले. दोन दिवसांत हसले ते तेव्हाच.

संध्याकाळी मीटरवर ३७ आणि ३९ आले. घरघर गेली. आबांनी गिटार मांडीवर घेतली, पण वाजवण्याआधी थोडा वेळ नुसतीच शांतता ऐकली.

प्रयोगवहीत आपण निरीक्षण आधी आणि निष्कर्ष शेवटी लिहितो. त्या दुपारी मी निष्कर्ष आधी लिहिला, आणि तोही एका माणसाच्या नावावर. आकडे माझे सगळे खरे होते. त्यामुळे तर मी अधिकच ठासून बोलले.