कॉरिडॉरमधलं टेबल



"शाळेने आमच्या बाळ्याला टीए दिली, आता काळजी मिटली," असं आपल्याकडचे आईबाबा मला कौतुकाने सांगतात. मी स्वतःच टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट आहे. लेस्टरच्या एका प्रायमरी शाळेत, अकरा वर्षं. (इथे सगळे माझ्याशी थेट गुजरातीतच सुरू होतात, पण तो वेगळा विषय!) म्हणून जरा आतली गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये शिक्षकाचं वर्ष साधारण १९५ दिवसांचं. १९० दिवस मुलांबरोबर आणि ५ स्वतः शिकायचे, म्हणजे इन्सेट डे. (मुलांना सुट्टी आणि आपली धावपळ, तेच ते.) शिवाय २००५ पासून शिक्षकांना तयारीसाठी शिकवण्याच्या वेळातला १० टक्के वेळ मिळतो. टीएचं काय? बऱ्याच जणींचा करार ३८ आठवड्यांचा. पाचाने गुणा, बरोबर १९०. शिकायच्या दिवसांचा पगारच नाही! आणि आमच्याकडे मुलं कुठली येतात? जी मागे पडलीत, ज्यांना इंग्रजीचा गंध नाही, ज्यांना एका जागी बसवत नाही. थोडक्यात, सगळ्यात अवघड पेशंट कंपाउंडरकडे.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी याचाच काही वर्षं अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या मुलांना टीएची मदत जास्त, त्यांची प्रगती कमी. मुलं मुळात कच्ची होती हे हिशेबात धरूनसुद्धा! वाचून मला रात्री झोप लागली नाही. पण त्यांनी खापर आमच्यावर फोडलेलं नाही. शिक्षक आणि टीएंना एकत्र बसून तयारी करायला वेळच नसतो, आणि टीए शेजारी आली की ते मूल शिक्षकापासून तुटतं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेड बदलल्या. त्यांनी इन्सेट आम्हालाही पगारी केले. पहिल्याच दिवशी फॉनिक्स. आवाज सुटा काढायचा, मागे 'अ' लावायचा नाही. 'क-ॲ-ट' नव्हे, 'क्-ॲ-ट्'. म्हणजे आपला पाय मोडका क! बाकीच्या बायका गोंधळल्या, मला मात्र बाराखडी आठवून हसू आलं. त्याच आठवड्यात, कॉरिडॉरमधल्या आमच्या टेबलावर महिनाभर सुटे आवाजच काढत बसलेला एक मुलगा एकदम 'कॅट' म्हणाला. पुढच्या टर्मला ते टेबलच हलवलं. तो वर्गात बसायला लागला, बाई त्याच्याजवळ जायच्या, तेवढा वेळ मी बाकीची मुलं बघायची.

तेव्हा पेरेंट्स इव्हिनिंगला "टीए किती तास?" एवढंच विचारू नका. बाई स्वतः त्याला किती शिकवतात, टीएला उद्याचा धडा आज कळतो का, हे विचारा. विशेष गरजांच्या मुलांसाठीच्या २०१५ च्या सेंड नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, की टीए मदतीला असली तरी प्रगतीची जबाबदारी वर्गशिक्षकाचीच. आपली माणसं विचारायला उगाच संकोचतात.

बाकी पैशांची रड आहेच. हेडबाईंनी तो पगार कुठून काढला देव जाणे. या वर्षी पाचांतले तीनच दिवस जमलेत.