बांबूची प्रत्यंचा

धार जिल्ह्यातल्या भिलांचे धनुष्य जवळून पाहण्यासारखे असते. दांडा बांबूचा, हे लगेच ओळखू येते. पण दोरीवरून बोट फिरवले की ती सुताची नाही, चामड्याचीही नाही, हे कळते. तीही बांबूचीच : पाठीकडून सोललेली लांब, चपटी, गुळगुळीत पट्टी. एकाच वनस्पतीने वाकायचे आणि ताण धरायचे, अशी दोन्ही कामे पत्करली आहेत. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ असतात, त्यामुळे ताण सोसणारा भाग नेमका पाठीचाच. हे ज्या हातांना फार पूर्वी उमगले, त्यांच्याकडे शास्त्र आहे असे आपण मानत नाही. आणि बांबूला गरिबाचे लाकूड म्हणून मोकळे होतो. मला वाटते, दोन्हींच्या मुळाशी एकच गफलत आहे : बांबूला लाकडाच्या मापाने मोजणे.

खिळा ठोकला की बांबू उभा तडकतो. दोन पेरांच्या मधले सगळे तंतू उभे धावतात, त्यांना आडवे बांधून ठेवणारे काही नसते. सुताराला हा दोष वाटेल. बुरुडाचे सारे भांडवल मात्र हेच. कोयत्याच्या एका घावाने सरळ फाटत जाणारा बांबू नसता, तर सूप, दुरडी, टोपली काहीच झाले नसते. देवासच्या टेकडीवर चामुंडेशेजारी तुळजाभवानी आहे. त्या देवीच्या जोगव्याची परडीदेखील याच फाटण्यातून जन्मते. बांबू टिकत नाही, त्याला भुंगेरा लागतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण किडा येतो तो आतल्या पिठूळ सत्त्वासाठी. पावसाळा सरल्यावर पक्का बांबू तोडला, वाहत्या पाण्यात मुरवला किंवा बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात ठेवला आणि मातीपासून उचलून बसवला, तर तो वर्षानुवर्षे साथ देतो. लाकूडही कच्चे वापरले तर सडतेच. त्याचा ठपका आपण सागावर ठेवत नाही.

‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत देवासच्या वाट्याला बांबू आला आहे. पट्ट्या चिकटवून, दाबून फळ्या करण्याचा उद्योग वाढला तर सागावरचा भार हलका होईल. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. बांबू हे खरे तर गवत; १९२७च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवले होते. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला आणि शेतकऱ्याला तो लावणे, तोडणे, विकणे सोपे झाले. हेही चांगलेच. माझी हरकत फक्त इतकीच की कारखान्याला हवा तो पक्का, एकसारखा, ट्रकभर माल. विणणाऱ्याला लागतो तो ओला, कोवळट, चार-दोन काठ्यांचा. वाळलेला बांबू सोलताना मोडतो, म्हणून त्याला तो जवळ आणि ताजाच मिळाला पाहिजे. घाऊक सौद्यात या चार काठ्यांचा विचार होत नाही. जिल्ह्यातल्या बागली, उदयनगरकडच्या गावांत लागवड करताना विणणाऱ्या घरांसाठी काही बेटे राखून ठेवायला फारसा खर्च येणार नाही. आणि कोणती काठी कधी तोडायची, हे त्याच घरांना विचारून ठरवावे.