आमच्या संघाची एकुलती एक प्रेक्षक

टोकियोला राहते म्हटल्यावर भारतातले नातेवाईक हमखास दोन प्रश्न विचारतात. तिथे शाकाहारी जेवण मिळतं का, आणि भूकंपाची भीती वाटत नाही का? रविवारी काय करतेस, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगायला मला फार आवडेल. रविवारी मी बेसबॉल बघते. ओहतानीचा, टीव्हीवरचा नाही. एदोगावा नदीच्या काठी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं खेळतात, तो.

आम्ही निशी-कासाईत राहतो. एदोगावा हा टोकियोतला सर्वाधिक भारतीय असलेला विभाग, त्यामुळे कढीपत्त्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं इथे मिळतं. नवरा क्रिकेटवेडा. सामना असला की तो पहाटे उठून तोचिगी जिल्ह्यातल्या सानोला जातो, कारण जपानमधलं क्रिकेटचं मोठं मैदान तिकडे आहे. मी सायकल काढते आणि उलट्या दिशेला, शिनोझाकीजवळच्या नदीकाठावर जाते. तिथे बांधाच्या आतल्या सपाट पट्टीत बेसबॉलची मैदानं ओळीनं आखलेली आहेत. पलीकडच्या तीरावर चिबा जिल्हा.

या हौशी खेळाला जपानीत ‘कुसा-याक्यू’ म्हणतात. याक्यू म्हणजे बेसबॉल आणि कुसा म्हणजे गवत. गवतावरचा बेसबॉल! नाव अगदी चपखल आहे, कारण सामन्यातला बराच वेळ गवतात हरवलेला चेंडू शोधण्यात जातो. चेंडू रबरी असतो, आतून पोकळ. मुलांना इजा होऊ नये म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी क्योतोत तो तयार झाला आणि पुढे मोठ्यांनीही उचलला. सोमवारी कामावर जायचंय, बोट मोडून कसं चालेल? आमच्या संघात एक टॅक्सीचालक आहे, एक पोस्टमन, एक तोफूवाला, दोन शाळामास्तर. सामना सात डावांचा, पण मैदान दोनच तासांसाठी मिळतं. बहुतेक वेळा डाव संपायच्या आधी वेळ संपते.

या खेळाशी माझी गाठ मुलामुळे पडली. तो प्राथमिक शाळेत असताना वस्तीतल्या मुलांच्या संघात गेला आणि त्याच्याबरोबर मीही ‘चहाच्या पाळी’त अडकले. इथल्या मुलांच्या संघांत ही जुनी रीत. आयांनी आळीपाळीनं मैदानावर यायचं, मुलांवर लक्ष ठेवायचं आणि प्रशिक्षकांना चहा द्यायचा. उन्हाळ्यात गार बार्लीचा, हिवाळ्यात गरम. बाप मंडळींना पाळी नाही, हे वेगळं सांगायला नको. या पाळीपायी कित्येक घरांनी मुलांना बेसबॉलला घालणंच सोडलं, आणि आता अनेक संघांनी ती बंदही केली आहे. बंद झाली ते उत्तमच झालं. माझ्यापुरतं सांगायचं तर तिथे एका आजीबाईंनी माझ्या हातात स्कोअरबुक दिलं आणि मग मला चहाचा विसर पडला.

बेसबॉलचं स्कोअरबुक म्हणजे दुधाच्या हिशेबाची वही आणि विणकामाचा नमुना यांचं लग्न लावल्यासारखं दिसतं. प्रत्येक खेळाडूच्या जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवाला ३, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि गडी बाद झाला, की लिहायचं ६-३. एका चौकोनात अख्खी गोष्ट. जपानमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, वासेदा आणि केइओ, दोन्ही नावं विद्यापीठांची. मी वासेदावाली.

या दोन विद्यापीठांची एक हकिकत मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवते. त्यांच्यातला पहिला बेसबॉल सामना १९०३ मध्ये झाला. १९०६ मध्ये दोघांनी एकेक सामना जिंकला आणि समर्थकांची डोकी इतकी तापली, की निकालाचा तिसरा सामना रद्द करावा लागला. भांडण खेळाडूंचं नव्हतं, बघ्यांचं होतं. त्यानंतर हे दोन संघ १९२५ पर्यंत, म्हणजे तब्बल १९ वर्षं, एकमेकांशी खेळले नाहीत. आज जिंगू स्टेडियमवर त्यांचा सामना बघायला जा, दोन्हीकडे वाद्यवृंद आणि शिस्तीत गाणारे हजारो लोक. मी वर्षातून एकदा जाते. मजा येते, पण दुसऱ्या दिवशी घसा बसण्यापलीकडे माझ्या तिथे असण्यानं काही फरक पडत नाही.

नदीकाठी पडतो. आमच्या संघाला मी एकटीच प्रेक्षक आहे. मुलानं पुढे माध्यमिक शाळेत टेबल टेनिस धरलं, पण त्याचे जुने प्रशिक्षक, म्हणजे तोफूवाले, या मोठ्यांच्या संघात कॅचर होते. ‘स्कोअर लिहायला कुणी नाही, याल का?’ असं त्यांनी विचारलं आणि मी गेले, ती अजून जातेच आहे. मुलगा आता शिकायला साप्पोरोला आहे. फोनवर ‘आई, जिंकलात का?’ विचारतो. ‘आपण हरलो’ म्हटलं की ‘आपण?’ म्हणून हसतो.

मला ते ‘मानेजा-सान’ म्हणतात. जपानी शाळांमध्ये संघाचा स्कोअर लिहिणाऱ्या, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या विद्यार्थिनीला मॅनेजर म्हणतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही हाक ऐकायला वाईट वाटत नाही!

मैदानावर सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘दोन्माई’. इंग्रजी ‘डोन्ट माइंड’चं हे जपानी रूप. झेल सुटला, दोन्माई. फेक चुकली, दोन्माई. मराठी कानाला ते ‘दोन माई’ असंच लागतं, आणि नदीकाठी कुठल्या दोन माई आल्यात, असं वाटून अजूनही मला हसू येतं. माझ्याकडूनही त्यांना एक शब्द मिळाला आहे. खेळाडू दुसऱ्या बेसवरून सुटला की माझ्या तोंडून आपोआप ‘पळ, पळ!’ निघायचं. आता तिसऱ्या बेसजवळ उभा राहून इशारे देणारा पोस्टमनही ‘पारू! पारू!’ ओरडतो. जपानीत ‘ळ’ नाही, त्याला तो काय करणार?

बेसबॉलचं वेड साहित्याशी वैर धरतं, असं वाटणाऱ्यांनी उएनोच्या बागेत जावं. तिथल्या मैदानाला मासाओका शिकी यांचं नाव आहे. हायकूला नवं रूप देणारा हा कवी विद्यार्थिदशेत त्या बागेत बेसबॉल खेळायचा. पुढे क्षयानं अंथरुणाला खिळला, तरी १८९६ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात हा खेळ वाचकांना समजावून सांगितला, त्यातल्या संज्ञांना जपानी शब्द दिले. १९०२ मध्ये तो गेला तेव्हा वय होतं ३४. जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००२ मध्ये मान मिळाला. खेळता येत नाही, तर बघावं आणि लिहावं. स्कोअरबुक उघडताना तो मला हटकून आठवतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं आणि नदीनं ही सगळी मैदानं पोटात घेतली. पाणी ओसरल्यावर चिखलाचा थर. त्या काळातले रविवार फार लांबलचक वाटले. मैदान पुन्हा सुरू झालं त्या दिवशी सगळे सामन्याच्या तासभर आधी येऊन उभे होते. सामना संपल्यावर लाकडी दाताळ्यानं माती सारखी करायची असते. त्या दाताळ्याला ‘तोम्बो’ म्हणजे चतुर म्हणतात, कारण ते त्या किड्यासारखं दिसतं. त्या दिवशी तोम्बो कुणी ओढायचा यावरून चक्क स्पर्धा लागली.

हल्ली चिंता वेगळीच आहे. माणसं कमी पडतात. टॅक्सीवाले आमचे पिचर, एकसष्ट वर्षांचे, खांदा वर जात नाही. एकाची बदली झाली, एकाचा गुडघा गेला. मध्यंतरी एकदा आठच जण आले. नऊ नसतील तर खेळ नाही, पण समोरच्या संघानं त्यांचा राखीव गडी आम्हाला उसना दिला. त्याला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो आणि त्याच्याच संघाच्या बॅटरचा उंच फटका थेट त्याच्याकडे गेला. त्यानं धावत येऊन झेल घेतला! आम्ही जिंकलो. त्याच्या कप्तानानं डोक्याला हात लावला, मग सगळ्यांत आधी टाळ्याही त्यानंच वाजवल्या. स्कोअरबुकात त्याचं नाव मी आमच्याच यादीत लिहिलं आहे.

पण दरवेळी उसनं कोण देणार? डिसेंबरच्या वर्षअखेरच्या जेवणात कप्तान म्हणाले, वसंतात नऊ जण जमेनात, तर संघ दुसऱ्या कुठल्यातरी संघात मिसळून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. जपानी माणूस अशा वेळी वाद घालत नाही. मीही तिथे घातला नाही. दुसऱ्या दिवशी निशी-कासाईच्या भारतीय दुकानात भाजी घेताना भेटेल त्या तरुणाला विचारत सुटले, ‘का रे, चेंडू फेकता येतो का?’

त्यातून एक मिळाला. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. चेंडू हातात घेऊन म्हणाला, ‘काकू, हा तं टेनिस बॉलचाच भाऊ आहे न!’ पहिल्याच सामन्यात त्यानं फटका मारला आणि बॅट हातात घेऊन पहिल्या बेसकडे धावत सुटला. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकून धावतात. हातमोजा डाव्या हातात घालूनही झेल उजव्यानंच, उघड्या तळव्यात घेतला. तोफूवाले हसून हसून खाली बसले. पण त्याची फेक अशी सरळ आणि वेगवान, की टॅक्सीवाल्या काकांनी सामना संपल्यावर त्याला बाजूला नेलं आणि अर्धा तास पिचिंग शिकवलं. भाषा एकमेकांची येत नव्हती. दोघांचं चाललं होतं मजेत.

येत्या रविवारचं मैदान सोडतीत लागलं आहे. आतापर्यंत आठ जणांचे होकार आले. नागपूरकराच्या ऑफिसात शनिवारी रात्री काहीतरी मोठं काम आहे, ते वेळेवर आटोपलं तर तो नववा. पुऱ्या मी बारा जणांच्या करणार आहे.